डॉक्टरीणबाईंना काय म्हणावं

तोरुन शहरात, चष्म्यांच्या दुकानात,
गुरुवारी शटर अर्धं ओढून
तिघं बसतात एक भाषा शिकायला
जी कुणाच्याच आईची नाही.

विट, दुकानाचा मालक.
यागना, एकोणीस वर्षांची,
पुलापलीकडून सायकलवर येते, टोपीवर बर्फ घेऊन.
आणि तेओदोरा ग्राबियेत्स, वय अठ्ठ्याहत्तर,
जिने या पेठेतल्या निम्म्या दाढा उपटल्या
आणि जिच्याशी सगळी पेठ अजून असं बोलते
की समोर असून ती तिसरीच कुणी:
पानी दोक्तोर चहा घेतील का?
पानी दोक्तोरना थंडी वाजतेय का?

(मीही इथे तिला 'ती' म्हणतोय.
माझ्या भाषेत त्याचाही हिशेब द्यावा लागतो.)

लोझबानमध्ये ही सोय नाही.
समोर जो असेल तो 'दो'.
पाद्री दो, मांजर दो,
वीजबिलाच्या खिडकीतला माणूस दो.
अहोजाहो नाही, अरेतुरेही नाही.
अकरा वर्षांत विट तिला कधी 'तू' म्हणालेला नाही.
पहिल्यांदा 'दो' म्हणाला, तेव्हा
आधी चष्मा काढून पुसला.

"मग पदवी घडवू," यागना म्हणाली.
हाकेला 'दोय', पुढे दात, पुढे वैद्य,
जोडून: दोय देनमिक्शे.
झालं.
विटने कोश उघडला. झालं नव्हतं.
त्या भाषेत वैद्य म्हणजे दारावरची पाटी नव्हे,
वैद्य म्हणजे वाक्य, आणि वाक्यात जागा:
कोण, कुणाला, कोणत्या दुखण्यावर, कशाने.

तेओदोराने बोटं मोडून पाहिली.
कुणाला? शेवटचा पेशंट पोस्टमन होता,
आपली दाढ रुमालात बांधून घेऊन गेला.
कोणत्या दुखण्यावर? कशाने?
"तीन खुर्च्या रिकाम्या," ती म्हणाली,
"आणि दवाखान्यात मी एकटी."

तर मग नुसतं नाव.
पण नाव तिथे व्यंजनावर संपावं लागतं,
स्वरावर लोंबकळत सोडता येत नाही.
यागनाने एक स जोडला: ला तेओदोरास.
आधी ला, शेवटी स,
जणू हिला काही द्यायचंच राहिलंय.
शिवाय नियम असा, की नावाआधी थांबायचं,
अर्धा श्वास, आणि नावानंतर अर्धा,
म्हणजे आजूबाजूचे शब्द त्याला चिकटत नाहीत.

"आणि मान?" विटने विचारलं.
"मान कुठे ठेवायचा?"

मानाला शब्द आहे. यो.
हवा तिथे ठेवा.
पण तो तिचा नाही, बोलणाऱ्याचा.
यो म्हणजे: मला, आत्ता, आदर वाटतोय.
वाटत नसेल तर ठेवू नका.

विट भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला,
थोरलं अक्षर वर, धाकटी खाली खाली,
जणू कुणी त्याच्या पाठीमागे
सगळी एका मापाची करून टाकली होती.

तेओदोरा हसली, खऱ्या दातांनी.
"म्हणजे चाळीस वर्षं लोक जे म्हणत होते
ते माझं नव्हतंच.
तोंड उघडायच्या आधी म्हणायचे, घाबरून.
मला संशय होताच."

यागनाने म्हणून पाहिलं:
"शोय ला... तेओदोरास... "
आणि यो येता येता अडखळलं.
"घाई नको," तेओदोरा म्हणाली. "वाटेल तेव्हा."

नऊला विटने दिवे घालवले.
बाहेर व्हिस्टुलाकडून धुकं, पायरीवर बर्फ.
त्याने कोपर पुढे केलं
आणि तोंडात पोलिश परतली तसा म्हणाला,
"सावकाश,

पानी दोक्तोर."

पोलिशमध्ये तिथे थांबायची गरज नसते.